दोन पॉइंट सत्तावीस

अमेरिकेतल्या आमच्या डब्लिनच्या मराठी मंडळात गणपतीला मुलांचा गुणगौरव होतो. हायस्कूलमध्ये चारपैकी तीन पॉइंट आठच्या खाली जीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी असेल, तर स्टेजवर नाव घ्यायचं नाही. हा नियम बारा वर्षांपूर्वी कोणी केला? मीच! प्रल्हाद मोहरील, मंडळाचा तेव्हाचा सेक्रेटरी. माझी इशिता तेव्हा आठ वर्षांची होती, तीसपर्यंत पाढे धडाधड म्हणायची. मला वाटलं, स्टेज आपल्या लेकीसाठीच बांधलंय. करावं तसं भरावं म्हणतात, ते उगाच नाही.

हायस्कूल संपलं तेव्हा तिचा जीपीए आला दोन पॉइंट सत्तावीस. माझा पारा असा चढला की दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोललो नाही. बाहेर मात्र कोणी विचारलं की मी हसून सांगायचो, "तीनच्या आसपास."

"अहो, अडीचच्याही आसपास नाहीये ते," शैलजा, माझी बायको, गाडीत बसल्यावर म्हणायची.

"राउंड अप केलं. इंजिनिअर आहे मी."

बिचारी इशिता कम्युनिटी कॉलेजला गेली, जिथे मार्क न बघता प्रवेश मिळतो. मी मंडळात सांगितलं, वर्षभर सुट्टी घेतलीय, 'गॅप इयर'. वर्षभराने ती युनिव्हर्सिटीत आली आणि घरी न विचारता तिथल्या आर्मीच्या ऑफिसर ट्रेनिंगमध्ये नाव घालून आली. मी जेवता जेवता उठलो. "आर्मी? आपल्या सात पिढ्यांत कुणी एनसीसीत गेलं नाही!"

"म्हणून काय झालं? आठवी पिढी जाईल," ती म्हणाली आणि माझ्या ताटातला पापड उचलून खायला लागली.

आणि काय सांगू, पोरगी बदललीच! जिला शाळेसाठी उठवताना शैलजाचा घसा बसायचा, ती पहाटे पाचला बर्फात पळायला जायला लागली. दोन मैल पळायला आधी तेवीस मिनिटं लागायची, मार्चपर्यंत सतरावर आली. अभ्यास न सांगता व्हायला लागला. मग एक दिवस म्हणाली, "बाबा, मी स्कॉलरशिपला अप्लाय केलंय. मिळाली तर उरलेल्या दोन वर्षांची फी आर्मी भरणार आणि डिग्री झाली की मी लेफ्टनंट. गुरुवारी इंटरव्ह्यू आहे." हे बोलताना तिचा आवाज कापत होता. एखादी गोष्ट तिला इतकी हवी आहे, असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

आर्मीवाले हायस्कूलचे मार्क बघणारच की! आणि मी तेच केलं, जे आपला माणूस जगाच्या पाठीवर कुठेही गेला तरी करतो. बुधवारी हाफ डे टाकला, शैलजाच्या चकल्यांचा डबा उचलला आणि थेट युनिव्हर्सिटीतल्या त्या ट्रेनिंगच्या प्रमुख, कर्नल हॉलंड यांच्या ऑफिसात जाऊन बसलो. घरी कोणाला पत्ता नाही.

बाई उंच, केस पिकलेले, नजर स्वच्छ. मी डबा पुढे सरकवला. त्या म्हणाल्या, "सर, मला भेटवस्तू घेता येत नाही." मी डबा मांडीवर घेतला आणि गाडीत पाठ केलेलं बोलून टाकलं. मुलगी मूळची फार हुशार. पण हायस्कूलमध्ये तिला टायफॉइड झाला, त्यात मार्क गेले.

कर्नलबाईंनी समोरची फाइल उघडली. मग म्हणाल्या, "तुमच्या मुलीने अर्जातल्या निबंधाच्या पहिल्याच वाक्यात तिचा जीपीए लिहिलाय. दशांश चिन्हानंतरचे दोन्ही आकडे. कारणही लिहिलंय. त्यात टायफॉइड कुठे नाही."

मेलो! माझ्या हातात चकल्यांचा डबा आणि समोर सरळ हिशोब: आता बापलेकीपैकी कुणीतरी एक खोटारडं ठरणार. मी गप्प बसलो असतो, तर पोरीचा खरेपणा माझ्यामुळे मातीत गेला असता.

"टायफॉइड झाला नव्हता," मी म्हणालो. "मी खोटं बोललो. तिने लिहिलंय तेच खरं. मला लाज वाटायची, मॅडम. तिला वाटत नाही, हे मला आत्ता कळलं."

"तिने लिहिलंय की तिने अभ्यास केला नाही आणि घरी खोटं सांगितलं," त्या म्हणाल्या. "हे लिहायला धीर लागतो." मग डब्याकडे बोट करून म्हणाल्या, "बाहेर कॅडेट्सचं टेबल आहे. तिथे ठेवलंत तर ते सगळ्यांचं होईल."

घरी येऊन सगळं कबूल केलं. इशिता किंचाळली, "बाबा, यू डिडन्ट!" आणि खोलीचं दार धाडकन लावून घेतलं. पुढचे तीन आठवडे मी देवासमोर उभा राहून एकच म्हणायचो, माझ्या मूर्खपणाची शिक्षा पोरीला नको रे बाबा.

एप्रिलच्या शेवटी ईमेल आली. इशिताने वाचली, फोन सोफ्यावर फेकला आणि मला कमरेला धरून चक्क उचललं. "मिळाली! बाबा, मिळाली!" शैलजा रडत होती आणि मी हवेत.

सप्टेंबरात मंडळाच्या अध्यक्षांचा, त्र्यंबककाकांचा फोन. "प्रल्हाद, लेकीचा सत्कार करायचाय. पण फॉर्मवर जीपीएचा रकाना आहे. नियम तुझाच."

"नियम मोडा, काका. आकडा मी वाचतो." इशिताची अटच होती: खरा नंबर सांगणार असशील तर येते.

गणपतीला एका शाळेच्या ऑडिटोरियममध्ये चारशे माणसं. मी माइक घेतला. "माझी मुलगी इशिता. आर्मीची स्कॉलरशिप मिळाली, दोन वर्षांनी लेफ्टनंट होईल. हायस्कूलचा जीपीए..." मी माइक आणखी जवळ ओढला. "टू पॉइंट थ्री."

मागे ढोलपथक उभं होतं. त्यातून कमरेला ढोल बांधलेली माझी लेक ओरडली, "बाबा! टू पॉइंट टू सेव्हन! राउंड अप करू नकोस!"

हशा असा उसळला की त्र्यंबककाकांनी खुर्चीचा हात धरला. मीही हसत होतो आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. "चुकलो," मी माइकवर म्हणालो. "टू पॉइंट टू सेव्हन. एक पैसा जास्त नाही." जन्मात पहिल्यांदाच तो आकडा मी तोंडभरून म्हणत होतो. तिने टिपरू उचललं आणि ढोलावर हाणलं.