फाटकावरची टाळी

मी टाळी वाजवली आणि न्या कान्दे खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

"कोण आलंय बघ गं, नीदिया," त्या म्हणाल्या. "या, आत या! कुत्रा चावत नाही."

"कुणी नाही आलेलं, आई. ब्लासीनं वाजवली. बस खाली." नीदियानं त्यांना खांद्याला धरून बसवलं आणि माझ्याकडे वळली. "तू पण काय गं! घरात बसून टाळ्या कसल्या वाजवतेस?"

"लिसनं सांगितलंय. आवाज या डबीत जातो, चित्र फोनमध्ये. मागून दोन्ही जुळवायची तर सुरुवातीला टाळी लागते. टाळीची खूण सापडली की जुळलं."

"मग पातेलं बडव ना."

"टाळी म्हणजे टाळी."

नवशिक्याचं असंच असतं. शिकवणारीनं एक गोष्ट सांगितली की ती काळ्या दगडावरची रेघ. लिस राजधानीतून, असुन्सियोनहून, दर शनिवारी आमच्या गावच्या वाचनालयात यायची आणि आम्हा आठ निवृत्त बायकांना व्हिडिओ पॉडकास्ट करायला शिकवायची. दोघींनी बसून गप्पा मारायच्या आणि त्या जगानं बघायच्या, एवढंच मला कळलं होतं. पहिला धडा, कुणाशी तरी अर्धा तास बोलून आणा. बाकीच्यांनी नातवंडं निवडली, एकीनं तर आपला नवराच निवडला आणि तो अर्ध्या तासात दोनदा झोपला. मी न्या कान्देंना निवडलं. ('न्या' आम्ही वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी मानानं लावतो.) त्या शहाण्णव वर्षांच्या, गल्लीत सगळ्यांत म्हाताऱ्या, डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नाही, पण बोलायला खणखणीत. त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही.

खरं कारण वेगळं होतं. गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी चौतीस वर्षं नोकरी केली. त्यातल्या पहिल्याच वर्षी न्या कान्देंच्या मुलाचा, आर्सेनिओचा, शेवटचा फोन मी घेतला होता. त्यानं आईसाठी दिलेला निरोप मी आजवर पोचवला नव्हता. त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. नुसतं समोर बसून सांगायला मला कधी जमलं नाही. वाटलं, मध्ये यंत्र असलं, आपल्या हातात प्रश्नांचा कागद असला, तर सांगून होईल. मी पाच प्रश्न लिहून नेले होते. पाचवा प्रश्न नव्हताच, तो निरोप होता.

पहिली खेप वाया गेली. वीस मिनिटं न्या कान्दे आपल्या लग्नाबद्दल बोलल्या आणि डबीचा दिवा लागलेलाच नव्हता.

दुसरी खेप. पुन्हा टाळी, पुन्हा न्या कान्दे उभ्या. "या, या!" त्यांचं तरी काय चुकलं? आमच्याकडे दारावर कुणी थाप मारत नाही. फाटकाबाहेर उभं राहून टाळी वाजवायची, आतून 'या' म्हटलं की मगच कडीला हात लावायचा. जन्मभर टाळी ऐकली की माणूस आलं असंच त्या धरत आल्या. टाळीवरून माणूसही ओळखू येतं. पाद्री दोनदाच वाजवतो आणि खोकतो, मासळीवाली टाळ्यांचा पाऊस पाडते.

दुसऱ्या खेपेला फोन उलटा धरलेला निघाला. अर्धा तास नुसतं माझं तोंड, घामेजलेलं, ओठ चावणारं.

"ही बघा आमची नटी," नीदिया हसून म्हणाली आणि तेरेऱ्याच्या पेल्यातल्या पाल्यावर आणखी गार पाणी ओतलं. "ब्लासी, तुझ्यानं होणार नाही हे. पिऊन घे आणि घरी जा."

"एकदा शेवटचं."

दुपार व्हायला आली होती. स्वयंपाकघरातून व्होरी-व्होरीच्या, मक्याच्या गोळ्यांच्या रश्शाचा वास येत होता, माझ्या पोटात सकाळपासून अन्नाचा कण नव्हता. फोन नीट लावला, डबीचा दिवा दोनदा बघितला. मी चिडले होते, स्वतःवरच. लक्ष नसताना हातांनी आपली आपण टाळी वाजवली. दोन लागोपाठ, मग जरा थांबून तिसरी.

या खेपेला न्या कान्दे उठल्या नाहीत.

मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. ती आर्सेनिओची टाळी होती. त्या वर्षी उन्हाळाभर तो आमच्याही फाटकावर तशीच वाजवायचा, मग मी केस सारखे करत बाहेर धावायची. मी एकोणीस वर्षांची होते. त्या टाळीनं माझ्या अंगावर अजून काटा येतो, आणि तीच मी त्याच्या आईसमोर वाजवून बसले होते.

"एवढा उशीर केलास," न्या कान्दे फोनच्या दिशेनं म्हणाल्या. आवाज अगदी साधा, घरातला. "बहीण तुझी वाट बघून झोपली. कुठं होतास?"

नीदियाचा पेला हातातच राहिला. "आई..."

"तू मध्ये बोलू नकोस. मी त्याच्याशी बोलतेय." त्या पुढे वाकल्या. "लोक म्हणाले, पकडून नेला. लोक म्हणाले, नदी ओलांडून पळाला. मी म्हटलं, गेला तर गेला, पण माझा आर्सेनिओ कळवल्याशिवाय राहायचा नाही. एक निरोप नाही रे तुझा? एवढी मी परकी झाले?"

मला वाटलं, माझ्या मागे कुणीतरी उभं आहे. मी वळून बघितलं नाही. माझ्यात तेवढं धैर्य नव्हतं, आजही नाही.

हातात कागद होता. त्यातला एकही प्रश्न मी विचारला नाही.

"त्यानं कळवलं होतं, न्या कान्दे," मी म्हणाले. "फोन आला होता. एन्कार्नासियोनहून, सीमेवरून. बुधवार होता. मीच घेतला."

त्यांनी मान आवाजाकडे वळवली. "ब्लासी?"

"हो, मी. तुमच्या घरी फोन नव्हता. तो म्हणाला, आज रात्री नदी ओलांडतोय, आईला निरोप दे. पण माझ्या शेजारी तो केसाळ पायांचा बसला होता." आमच्याकडे खबऱ्याला तसं म्हणतात, त्याचं पाऊल वाजत नाही म्हणून. त्या हुकूमशहाच्या राजवटीत प्रत्येक एक्स्चेंजमध्ये असा एक खुर्ची टाकून बसलेला असायचा. "त्यानं विचारलं, कोण आहे? मी म्हटलं, चुकून लागलाय. आणि वायर ओढून काढली."

"ब्लासी!" नीदिया उभी राहिली. तिचा चेहरा मी कधी असा बघितला नव्हता. "चव्वेचाळीस वर्षं तू या घरात बसून तेरेरे पितेस! माझ्या बाळाची तू धर्माची आई झालीस! आणि तुझ्या तोंडातून एक शब्द..."

"आधी भीती वाटायची," मी म्हणाले. "ती राजवट गेल्यावर लाज वाटायला लागली. दुसरं काही नाही सांगण्यासारखं."

"निघ इथून."

"गप गं," न्या कान्दे म्हणाल्या. मोठ्यानं नाही. मग मला, "निरोप काय होता?"

"तो म्हणाला, आईला सांग, जेवलोय."

"एवढंच?"

"एवढंच. 'आईला सांग, मी जेवलोय, काळजी करू नको.' पुढे बोलणार होता. मी ओढली."

त्यांचे हात मांडीवर होते, ते जागचे हलले नाहीत. त्या म्हणाल्या, "काय जेवला होता?"

मला खोटं सांगता आलं असतं. मांडिओका म्हटलं असतं, चीपा म्हटलं असतं, कुणी पडताळायला येणार नव्हतं. "विचारलं नाही मी," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "तू तेव्हा केवढी होतीस?"

"एकोणीस."

"एकोणीस," त्या म्हणाल्या. मग, "ते यंत्र बंद कर."

मी फोन बंद केला. नीदिया दाराशी पाठमोरी उभी होती, रडत होती. मी पिशवी उचलली.

घरी येऊन दोन दिवस मी कशालाच हात लावला नाही. शनिवारी वाचनालयात लिसनं सगळं संगणकावर घेतलं. चित्र आणि आवाज तिनं चटकन जुळवून दाखवले. न्या कान्दे बोलायला लागल्यावर तिनं खुर्ची ओढून घेतली. चित्र संपलं. खालची आवाजाची रेघ मात्र पुढे चालूच होती. घाईत मी फोन बंद केला होता, डबी तशीच राहिली होती.

"हे अकरा मिनिटांचं जास्तीचं आलंय," लिस म्हणाली. "चित्र नाही, कुणी फारसं बोलतही नाहीये. कापून टाकूया. बाकीचं लावायचं की नाही ते तुम्ही आणि त्यांच्या घरचे ठरवा."

"आधी ऐकव," मी म्हणाले.

खुर्ची सरकल्याचा आवाज. मग न्या कान्दे. "कुठं निघालीस? सकाळपासून उपाशी आहेस, पोटाचा आवाज मला इथवर येतोय. नीदिया, वाढ." नीदियाचं काही ऐकू येत नाही. बराच वेळ. मग ताट टेबलावर आपटल्याचा आवाज, चांगला जोरात. मग चमचा.

न्या कान्देंची खुर्ची माझ्या जवळ आली होती ते मला आठवतं. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून त्या कान लावून बसल्या होत्या. मी थांबले नाही, घास घेत राहिले. डबीत ते सगळं आहे, माझं फुंकर मारणं, गिळणं, मध्येच नाक ओढणं. लिसनं मान खाली घातली होती.

शेवटी ताटावर चमचा खरवडल्याचा आवाज येतो, आणि त्यानंतर न्या कान्देंचा.

"बाळा, आणखी वाढू?"

आमच्या ग्वारानीत आई मुलाला आणि मुलीला एकाच शब्दानं हाक मारते. त्या कुणाला म्हणाल्या ते मला तेव्हा कळलं नाही, ऐकतानाही कळलं नाही.

त्यावर माझं उत्तर आहे, तोंडात घास असल्यासारखं. "वाढा."