एक फवारा, सगळे रोग गारद

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर उंदरांचे दोन पिंजरे. फवारेवाले डॉक्टर (कसले डॉक्टर ते विचारू नका) दोन्हींत एकाच बाटलीतले ‘जंतू’ शिंपडून तोंडाचा पट्टा चालवत होते. "सर्दी असो, कॅन्सर असो, नाकात एक फवारा आणि प्रतिकारशक्ती दसपट! उंदरांवर सिद्ध झालंय." आधी नाकात फवारा दिलेले डाव्या पिंजऱ्यातले उंदीर उड्या मारत होते. उजव्यातले तोंडाला फेस येऊन तडफडून मेले. लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं.

पुढच्या रांगेत एक जनावरांची डॉक्टर आपल्या धाकट्या भावाला न्यायला आली होती. त्याच्या पोटात तिची किडनी होती. शरीराने ती परकी समजून मारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या त्याला जन्मभर घ्यायच्या होत्या. पठ्ठ्याने त्या बंद करून फवारा धरला होता. आता अंगात ताप, पायावर सूज.

"ऊठ, दवाखान्यात चल."

"ताई, डोळ्यांनी बघितलंस ना?"

"बघितलं म्हणूनच सांगते. जंतूंनी उंदीर इतक्या लवकर मरत नाही. विषाने मरतो."

पुढच्या खेळासाठी दोन्ही पिंजऱ्यांत नवे उंदीर सोडले होते. ती तडक मंचावर चढली, फवारा हिसकावला आणि उजव्या पिंजऱ्यात भसाभसा मारला. खालून खुर्ची आली. तिचं कपाळ फुटलं. भाऊच धावत आला आणि त्याने तिच्या थोबाडीत दिली. "मी जगतोय ते बघवत नाही का तुला?" ती पिंजऱ्याला कवटाळून बसली. पाठीत लाथा बसत होत्या, पण तिने पिंजरा सोडला नाही. तेवढ्यात फवारलेले उंदीरही तसेच तडफडू लागले. लाथा थांबल्या. तिने भुसा उकरला. खाली विष कालवलेले दाणे निघाले.

मग काय, तोच जमाव फवारेवाल्यावर तुटून पडला. त्याचे दोन दात मंचावर पडले.

"सोडा त्याला, पोलीस बघतील," ती ओरडली. "मघाशी मला तुडवलंत, आता त्याला. विचार कधी करणार? उंदरांवर असले खरे प्रयोगही होतात, पण ती नुसती सुरुवात असते. माणसांवर नीट चाचणी झाल्याशिवाय कशालाही औषध म्हणू नका, आणि चालू गोळ्या बंद करू नका."

भाऊ पोट धरून खाली बसला होता. "ताई, खऱ्या प्रयोगातले उंदीर तरी वाचले ना?"

"वाचले असतील." तिने डोळ्यांवरचं रक्त पुसलं आणि त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवलं. "पण त्यांतल्या एकाच्या तरी पोटात बहिणीची किडनी होती का रे?"