लिंबाजीच्या ओठाचं औषध

लातूर जिल्हा झाला आणि त्याबरोबर लिंबाजी कांबळेही मोठा झाला, असं निदान त्याचं स्वतःचं मत होतं. नव्या कलेक्टर कचेरीत तो आवक-जावक लिहायचा. पण संध्याकाळी वस्तीत शिरला की निम्मा जिल्हा आपणच हाकतो असं त्याला वाटे. भाषणाची खोड तिथूनच लागली. बुद्धजयंतीला त्यानं विहारासमोर तंबाखूवर असं काही भाषण ठोकलं, की लोकांनी पुड्या आणि चंच्या काढून टोपलीत टाकल्या. पहिली उठली ती त्याची बायको केवळाबाई. तिनं मिसरीची डबी टाकली. शेजारच्या नागुबाईनं तर चाळीस वर्षांची मिसरी एका झटक्यात सोडली. लिंबाजीनंही आपली चंची टाकली. टाळ्या पडल्या.

चौथ्या दिवशी कचेरीमागच्या टपरीवर त्यानं नवी पुडी घेतली.

‘फक्त आजच,’ असं तो रोज स्वतःला बजावायचा. चिमूट ओठात धरायची ती कचेरीत. घरी निघताना खळखळून चूळ भरायची, वर बडीशेप चघळायची. इकडे मिसरी सुटल्यामुळं केवळाबाई पंधरा दिवस डोकं बांधून पडलेली, आणि हा उशाशी बसून तिला सांगतोय, “मनाचा निर्धार पाहिजे, केवळे!” ते आठवलं की त्याला आपल्याच कानाखाली वाजवावीशी वाटे. पण हात खिशातल्या पुडीकडेच जाई.

मग भादव्यात एकदा टपरीवरचा चुना जहाल निघाला आणि लिंबाजीचा खालचा ओठ आतून फोडांनी भरला. भाकरीचा तुकडा लागला तरी डोळ्यांत टचकन पाणी.

वस्तीत कुणी कारण विचारलं नाही, कारण ते सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. पावसानं दुसऱ्या वर्षीही दगा दिलेला, पालेभाजी दृष्टीस पडत नव्हती, ज्वारी आणि मिरचीवर दिवस निघत होते. अशात तोंड येणारच. त्यातून लिंबाजीला कामाचा ताण. “हाव, ताण लई हाय,” ओठ सांभाळत लिंबाजीही म्हणाला. आवक-जावकीचा ताण!

मग औषधं सुरू झाली. वस्तीतले रामकिशन मास्तर जाईच्या पाल्यासाठी तीन गल्ल्या हिंडले आणि कुणा वकिलाच्या अंगणातून सात पानं घेऊन आले. लिंबाजीनं ती त्यांच्यादेखत चावली. नागुबाईनं शंखजिरं तुपात खलून वाटी आणून दिली; या दुष्काळात तूप कुठून आणलं, हे विचारायची त्याची छाती झाली नाही. रविवारी फोड बसायचे आणि सोमवारी कचेरीतून येताना पुन्हा टरारून आलेले असायचे. “नोकरीच बाधती रं तुला,” नागुबाई हळहळली. लिंबाजीनं खाली मान घातली. लोकांना तो विनय वाटला.

केवळाबाईचा भरवसा बाभळीच्या सालीवर. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा, घरटी चार घागरी. त्यातलं तांब्याभर पाणी ती रोज सालीवर ओती, निम्मं होईस्तोवर आटवी आणि कोमट झालं की त्याच्या हातात देई. लिंबाजी पायरीवर बसून गुळण्या करी आणि कोरड्या नालीत थुंके.

एका शुक्रवारी थुंकायला वाकला, तर केवळाबाई पलीकडे पदराचं टोक ओलं करून हातपाय पुसत होती.

“आंघोळ न्हाई केलीस?”

“केली की. आइतवारी.”

लिंबाजीनं तांब्याकडे पाहिलं. पाच दिवसांची तिची आंघोळ त्यानं नालीत थुंकली होती. त्याला एकदम लाज वाटली, आणि लाज वाटायला एवढे दिवस लागले याची त्याहून जास्त.

“केवळे, म्या तंबाखू सोडली न्हाई.”

“ठावं हाय.”

“कवापासून?”

“पयल्या दिशी बॅटरी मारून बघितलं न्हाई का तोंडात? खालचा व्हट, डावं अंग. माझ्या बापाचा बी तंबाखूनं तिथंच फुटायचा. भुकंची उष्णता एक कोपरा धरून बसती व्हय?”

“मग पानी कशाला घातलंस एवढं?”

काय विचारतो हा माणूस, अशा नजरेनं तिनं पाहिलं. “आवं, फोड तर खरे व्हते की.”

लिंबाजीच्या हातात शेवटचा घोट उरला होता. त्यानं तो तोंडात घेतला, पण थुंकवेना. कडूजहर काढा त्यानं तसाच गिळला.

“गिळता काय? गुळणीचं हाय ते!” ती ओरडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “अन् मला सांगून काय उपेग? नागुबाईला सांगा. रोज सकाळी हिरड्या दाबत बसती अन् तुमचं नाव घेती.”

नागुबाईचं दार वीस पावलांवर. पण विहारासमोर तास-तास बोलणाऱ्या लिंबाजीला ती वीस पावलं संपता संपेनात. म्हातारी ओट्यावर होती. “व्हट कसा हाय?” म्हणत तिनं सरकून जागा दिली. तो उभ्यानंच बोलला. दोन वाक्यांत सगळं आटोपलं. एवढं लहान भाषण त्यानं जन्मात केलं नव्हतं.

नागुबाईनं बोटानं हिरडी दाबली.

“मग म्या उगंच सोडली का रं?”

“न्हाई मावशी. तू खरंच सोडलीस.”

म्हातारीनं त्याला निरखून पाहिलं, मग हाताला धरून खाली बसवलं.

“तर मग उद्यापासून सांजंला हितं माझ्यापशी येऊन बसत जा,” ती म्हणाली. “पयला आठवडा लई वाईट जातो, बाबा.”