सात ते आठचं पाणी

दहिसरच्या त्या गावठाणात चर्चला अजून देऊळच म्हणतात. ते आपल्या हातांनी बांधायचं असं सगळ्यांनी ठरवलं तेव्हा हात पुष्कळ निघाले. थापी धरता येणारे मात्र दोनच, आणि ते दोन्ही ग्रेगरीचे. बाकीची मंडळी बँकेतली, विम्यातली, एक तर दातांचा डॉक्टर. दर रविवारी मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, आटपून नऊला यायची, घमेलं डोक्यावर घेऊन फोटो काढायची, आणि नंतर दुपारपर्यंत घामही गाळायची. खोटं कशाला बोला. त्यांनी रचलेल्या विटा सत्तरीचा ग्रेगरी सोमवारी गुपचूप काढायचा आणि ओळंबा धरून पुन्हा बसवायचा.

अडचण होती पाण्याची. नव्या बांधकामाला रोज पाणी मारावं लागतं, नाहीतर सिमेंट भुसभुशीत होतं. नळाला पाणी यायचं सकाळी सात ते आठ. शाळेच्या हॉलमधली रविवारची मिस्साही सात ते आठ. साठवायला टाकी नव्हती, कारण देऊळ पूर्ण झाल्यावर टाकी बांधायची असा ठराव होता.

"फादर, देवाकडे जाऊ की भिंतीकडे?" ग्रेगरीनं पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"तुझं पाणी हीच तुझी मिस्सा," जुने फादर म्हणाले. तोंडीच. पुढे त्यांची बदली झाली आणि ते वाक्यही त्यांच्याबरोबर गेलं.

ग्रेगरीचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. नवं देऊळ देवाला वाहतात त्या दिवशी बांधणाऱ्यांपैकी एकजण बंद दारापुढे बिशपांच्या हाती चावी देतो, मग दार उघडतं. तशी रीतच आहे. जन्मभर त्यानं लोकांचे टॉवर बांधले, आणि रंग वाळल्यावर त्याच टॉवरच्या गेटवर वॉचमननं त्याला "किधर जाना है?" विचारलं. एका तरी दाराची चावी आपल्या हातून जावी, एवढंच त्याचं म्हणणं. बायकोनं, कॉन्सेप्टानं, लग्नातला कोट धुवायलाही टाकला होता.

आठ दिवस आधी कमिटी बसली. सेक्रेटरी डेल्रॉय लॅपटॉप उघडून म्हणाला, "ग्रेगरी अंकल, वाईट वाटून घेऊ नका हां. नवीन फादर म्हणतात, चावी देणारा माणूस मिस्साला रेग्युलर पाहिजे. तुमची तीन वर्षांतली रविवारची हजेरी..." त्यानं स्क्रीन वळवली. "झीरो."

"अरे, मी तुमच्याच भिंतीला पाणी मारत होतो!"

"ते सगळ्यांना माहीत आहे ना, अंकल. पण त्याचा कॉलम नाही."

"मग चावी कोण देणार?"

डेल्रॉय लाजला. त्याची हजेरी शंभर टक्के होती.

कोपऱ्यात संत जोसेफचा नवा पुतळा प्लास्टिकात गुंडाळलेला उभा होता, हातात सुताराचा गुण्या. त्याच्या हजेरीचा विषय कुणी काढला नाही.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी ग्रेगरीनं दारापुढच्या पायऱ्यांना कोबा केला. तेवढं एकच काम राहिलं होतं. घरी आल्यावर कॉन्सेप्टा म्हणाली, "तीन वर्षं मी एकटी बसले रे. बायका विचारायच्या, नवऱ्यानं धर्म सोडला का? मी सांगायची, नाही गं, भिजतोय. उद्या तरी माझ्या बाजूला बस."

"सकाळी पायऱ्यांना पाणी कोण मारणार? मे महिना आहे."

"तो शंभर टक्केवाला मारेल की!"

बिशपांना दहाला दुसरीकडे जायचं होतं, म्हणून रविवारचा सोहळा साडेसहालाच ठेवला होता. ओल्या पायऱ्यांवर फळ्या टाकल्या होत्या. ग्रेगरीनं डेल्रॉयला गाठलं. "आता पाणी तुझ्याकडे. सात दिवस, रोज. आजपासूनच."

"हो हो अंकल, टेन्शन नका घेऊ," डेल्रॉय टाय नीट करत म्हणाला, आणि चावी द्यायला पुढे झाला.

दार उघडलं, टाळ्या झाल्या. ग्रेगरी कोट घालून शेवटच्या बाकावर कॉन्सेप्टाशेजारी बसला. बिशप राबलेल्या हातांचे आभार मानत होते, तेवढ्यात बाहेरचा नळ खोकला आणि पाणी आलं. ग्रेगरीचे पाय आपोआप हलले. त्यानं डेल्रॉयकडे पाहिलं. डेल्रॉय पहिल्या बाकावर डोळे मिटून प्रार्थना करत होता.

ग्रेगरी उठला नाही. तासभर पाणी गटारात वाहिलं. आठला नळ गेला. पुढचे सहा दिवसही तसेच गेले.

तीन आठवड्यांत पायऱ्यांना तडे गेले, कोबा पापुद्र्यासारखा सुटला आणि दातांच्या डॉक्टरांची आई घसरून पडली. कमिटी पुन्हा बसली.

"अंकलचं वय झालं," डेल्रॉय हळहळून म्हणाला. "आणि सेवेच्या कामाचं हे असंच असतं. पायऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडून करून घेऊ."

ग्रेगरी तिथेच बसला होता. त्यानं मान डोलावली. रविवारी तो कॉन्सेप्टाचा हात धरून त्या फुटक्या पायऱ्या जपून चढला. दारातच डेल्रॉयनं हसून त्याच्या नावापुढे खूण केली. लागोपाठ चौथी.