आबांच्या कानातला जयराज

या गं, जरा सरकून जवळ बसा. आज कीर्तन नाही, म्हणून मीच एक गोष्ट सांगते. आमच्या कुंडलातली, माझ्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातली.

त्या रविवारी नाथाजीआबांच्या सोप्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध आबा, समोर आत्मे बोलवणारे ऋषिराज महाराज. डोळे मिटलेले, हात झोळीत. एकदम आबांचे डोळे भरून आले.

"आला! माझा जयराज आला!"

"काय म्हनतोय?" महाराजांनी विचारलं.

"आबा, दीपमालाला घराबाहेर सोडू नका, म्हनतोय. आन् मधी खोकला, त्योबी त्याचाच!"

बायांनी पदर डोळ्यांना लावले. ऐकू मात्र आबांशिवाय कुणालाच काही आलं नव्हतं. महाराज म्हणाले, "आत्म्याचा आवाज रक्ताच्या कानालाच येतो. तुमचे कान म्हंजे नुसती चिकटवलेली भजी!"

जयराज आबांचा एकुलता एक, फौजेत होता. चार महिन्यांमागं घाटात गाडी कोसळून गेला. त्याचा आवाज यायला लागला त्या दिवसापासून त्याची बायको दीपमाला मागच्या खोलीत. कडी बाहेरून. दोन महिने झाले. ताट दाराच्या फटीतून आत सरकायचं, रिकामं बाहेर यायचं. सांगलीला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. सोमवारी हजर झाली नाही तर जागा जाणार होती. आणि आबांचा कालव्याकडचा मळा महाराजांच्या मठाला द्यायला नको म्हणणारी घरात ती एकटीच होती, हेही ध्यानात ठेवा.

तिच्या खोलीची खिडकी माझ्या परसात उघडते. तीन गज, बस्स. आदल्या दिवशी मी ताक द्यायला गेले, तर पोर गज धरून उभी.

"काकी, आबांना ऐकू येतात ते बोल मला पाठ आहेत. मला डेंगी झाला तवा ह्यांनी आबांसाठी बोलून माझ्या फोनवर पाठवलं होतं. मी तापात, ऐकवायचं राहूनच गेलं. आणि ते तेवढंच नाही, पुढं अजून हाय. मी आतून ओरडून सांगते, तर म्हणतात, बाधा बोलतीय."

"मग दाखव की फोन."

"तो महाराजांनी पहिल्याच दिवशी विहिरीत टाकायला लावला. पण ह्यांनी ज्या फोनवरून पाठवलं, तो कुठं हाय?"

मला लख्ख आठवलं. तेराव्याला गेलेल्या माणसाच्या वस्तू देतात ना, छत्री, चपला, अंथरूण? आबांनी त्यात जयराजचा फोनही ठेवला होता. म्हणाले, "पोराला वर कुनाशी बोलायचं झालं तर?" आणि ते सगळं दान घेतलं होतं महाराजांनीच!

"आबांचं ऐकू यायचं कानातलं मशीन ह्यांनीच सुट्टीत आणून आपल्या फोनला जोडून दिलं," दीपमाला म्हणाली. "दोघांची एकदा ओळख करून दिली की झालं, काकी. पुन्हा जवळ आले की आपसूक जोडले जातात. दहा-बारा पावलांत. मधी तार लागत न्हाई. फोनवर लावलेलं थेट कानात. हे फोनवर कीर्तन लावायचे, तर आबांना वाटायचं, कीर्तन मशीनमधीच भरून आलंय."

म्हणून त्या रविवारी, आबांना आवाज येऊन गेल्यावर, मी त्यांच्याजवळ सरकले. "आबा, मशीन द्या, पुसून देते," अशी खूण केली. महाराजांचे डोळे मिटलेलेच. मी मशीन माझ्या कानात बसवलं आणि हात जोडले.

"म्हाराज, आनखी एक डाव बोलवा की पोराला."

झोळीतली बोटं हलली. आणि माझ्या कानात जयराज बोलला, "आबा..." अंगावर काटा आला बायांनो, खोटं कशाला सांगू! ते वाक्य, तो खोकला. पण मी मोठ्यानं म्हणाले, "अगं बया! मलाबी आबाच म्हनतोय! इतकी वर्षं माझ्या हातचं ताक प्याला, आन् काकी वळखू येईना व्हय?"

सोपा हसला. महाराज दचकून उठले आणि फोन बंद करायचा राहिला. आवाज पुढं चालूच. मला ऐकू येईल तसं मी सांगत गेले.

"ताप उतरेपर्यंतच हां आबा. मग तिला अडवू नका. तिला शिकायचंय. मी असो-नसो, तिला शिकू द्या."

तोवर जयराजबरोबर फौजेत असलेल्या ज्ञानूनं झोळी धरली होती. "कुटं निगाला, म्हाराज? आत्मा हितंच ऱ्हायला की!" फोन बाहेर आला. मी मशीन आबांच्या कानात घातलं आणि ज्ञानूनं निरोप पहिल्यापासून लावला.

आबांनी तो शेवटपर्यंत ऐकला. मग उठले. मागच्या खोलीची कडी गंजली होती, दोन हातांनी ओढावी लागली.

"पोरी, माझ्याच पोराच्या आवाजानं तुला कोंडलं गं मी."

दीपमाला बाहेर आली. उंबऱ्यावर बसून उन्हाकडं बघत राहिली. सोमवारी सकाळच्या एसटीनं सांगलीला गेली, कागदांची पिशवी आबांनी धरली होती.

मी देवाची माणूस आहे, टाळ वाजला की बसवत नाही मला. पण माझा देव कुणाच्या दाराला बाहेरून कडी घाला म्हणणार नाही. कानात आलं म्हणून खरं मानू नका. कुठून आलं, कुणी लावलं आणि कुठं तोडलं, एवढं विचारा.

आणि संध्याकाळी दिवा लावाल तेव्हा जयराजची आठवण काढा. पण काढाल तेव्हा त्याचं बोलणं शेवटपर्यंत आठवा.