हुर्र चंपे, तूर सोड

शेळ्यांमागं फिरता फिरता जुळवलेलं माझंच गाणं मी मोबाईलवर टाकलं, तर एका कंपनीनं चोरी म्हणून ते काढायला लावलं, वर मलाच कोर्टात खेचलं. बीडच्या कोर्टात त्यांचा वकील म्हणला, "सारजाबाई, गाण्याचा कॉपीराइट कंपनीकडे आहे. ते तुमचं कशावरून?"

जजबाईंनी कंपनीनं नोंदवलेल्या गाण्याचा कागद मोठ्यानं वाचला. तिसऱ्या ओळीला त्या अडखळल्या. "'हुर्र चंपे, तूर सोड' म्हणजे काय?"

"लोकगीतातला जुना शब्दप्रयोग आहे, मॅडम," वकील ठसक्यात बोलला.

"जुना कशाचा, मेल्या!" मी वरडले. "तुमचा माणूस रानात माझं गाणं रेकॉर्ड करत हुता, तवा माझी शेळी तुरीत शिरलती!"