बॉनेट गार असताना

जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा सगळ्यात आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर समजायचं, तुम्ही यायच्या आधी मालकानं इंजिन चालू करून ठेवलंय, कारण गार इंजिन त्याचं ऐकत नाही.

हे ज्ञान आम्हाला सातपूरच्या वाल्मीक मिस्त्रीनं दिलं. तो आमच्याच कॉलनीत राहायचा आणि पत्र्याच्या शेडमध्ये गाड्या दुरुस्त करायचा. निळा धूर आला तर ऑइल जळतंय, पांढरा आला तर पाणी जळतंय, काळा आला तर पेट्रोल वाया जातंय, असं त्यानं मला उकिडवं बसवून शिकवलं.

"आणि धूरच नाही आला तर?" मी विचारलं.

"तर गाडी चालू नाय, चंदर."

मग त्यानं एका फुटक्या स्पीकरमधून लोहचुंबक काढून माझ्या हातात दिलं. पत्रा सडला की पुट्टी भरतात, वरून रंग मारतात, गाडी नवरीसारखी दिसते. "हे लावून बघ. जिथं चिकटत नाय, तिथं गाडी नाय. नुसता रंग हाय."

म्हणजे आम्हाला सगळं माहीत होतं. ही गोष्ट अडाण्यांची नाही.

आमचे नाना, सावळीराम पगारे, एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशीनवर, बावीस वर्षं होते. ब्याऐंशी साली त्या प्रेसनं त्यांच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिची शेजारीण अशी दोन बोटं ठेवून घेतली. बोटांचे आणि नोकरीचे मिळून कंपनीनं बारा हजार दिले आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. नानांकडे आता तीन गोष्टी होत्या: कारखान्यात लागण्याआधी ट्रकवर होते तेव्हाचं लायसन, आठ बोटं आणि बारा हजार. त्यांनी तिन्हींचा मेळ घातला. जुनी गाडी घ्यायची आणि लग्नाकार्याला, देवीच्या गडावर जायला भाड्यानं फिरवायची. गाडी धड निघाली तर घर चालणार होतं. नाही निघाली तर बोटं फुकट गेली.

"आन् गिअर कशानं टाकाल?" आईनं विचारलं.

"ती दोन बोटं गिअरला लागतच नाय," नाना म्हणाले. "ती अंगठी घालायला असतात."

अंगठी नव्हतीच. त्यामुळे तोही प्रश्न मिटला.

कारखान्याचे पर्सोनेल मॅनेजर धारणकर साहेब. बोटांचे पैसे त्यांच्याच सहीनं आले. आणि आपली चौसष्ट सालची अँबॅसेडर विकायला काढली तीही त्यांनीच. किंमत बारा हजार. पैशाला रस्ता माहीत होता. ज्या वाटेनं आला, त्याच वाटेनं परत निघाला.

रविवारी सकाळी नऊला आम्ही गंगापूर रोडला त्यांच्या बंगल्यावर पोचलो. आईनं नानांचा पांढरा शर्ट इस्त्री करून दिला होता. माझ्या खिशात लोहचुंबक, त्यामुळे पँट एका बाजूनं खाली येत होती. गाडी पोर्चमध्ये उभी होती. काळी, चकचकीत. तिच्याजवळून जाताना नानांनी आधाराला म्हणून बॉनेटवर हात टेकला आणि लगेच उचलला. मी त्यांच्याकडे बघितलं. ते बागेतल्या फुलांकडे बघत होते. नानांनी फुलांकडे बघितलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

"या, सावळीराव!" साहेब दारातून म्हणाले.

हे सावळीराव कोण म्हणून मी मागं वळून बघितलं. नानांनीही बघितलं. बावीस वर्षं ते 'ए सावळ्या' होते.

"आत या. बसा."

या बंगल्यावर नाना पूर्वीही आलेले. सिमेंटची पोती उतरवायला, पलंग वर चढवायला, एकदा विहिरीतला गाळ काढायला. पण ते सगळं मागच्या दारानं. पाणी मागच्या पायरीवर मिळायचं, कोनाड्यात उपड्या ठेवलेल्या एका पेल्यातून. तो पेला आतल्या पेल्यांना कधी भेटला नसावा. आज नाना पुढच्या खोलीत सोफ्यावर बसले. बसले म्हणजे सोफ्याच्या काठाला स्पर्श करून हवेत राहिले. साहेबांच्या बाईंनी फुलाफुलांच्या कपबशीतून चहा आणला.

"साखर बरोबर आहे ना हो?"

"लय गोड झालाय," नाना म्हणाले.

चहात साखर नव्हती. घालायची राहिली होती.

साहेब गाडीविषयी बोलतच नव्हते. ते माझ्या कॉलेजविषयी बोलत होते, पावसाविषयी बोलत होते, नानांच्या हाताची चौकशी करत होते. नाना प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होते. मी पाय मोकळे करून येतो म्हणून बाहेर सटकलो.

बॉनेट चांगलं तापलेलं होतं. पुढच्या दाराला लोहचुंबक लावलं, खाली पडलं. मागच्या दाराला लावलं, पडलं. मडगार्डला लावलं, पडलं. शेवटी बंपरला चिकटलं. थोडक्यात, साहेब बंपर विकत होते. बाकी रंगकाम होतं. मग बॉनेट उघडून ऑइलची पट्टी बाहेर ओढली. ऑइल काळं असतं एवढं मलाही माहीत होतं. या पट्टीवर दुधाचा चहा होता. पाणी ऑइलमध्ये मिसळत होतं.

मी आत आलो आणि उभ्याउभ्याच म्हणालो, "साहेब, दारांना लोहचुंबक चिकटत नाही. आणि ऑइलमध्ये पाणी आहे."

बाईंनी पोह्यांच्या बशा आणल्या होत्या. त्या तशाच हातात धरून उभ्या राहिल्या.

साहेब हसले. "पोरगा हुशार आहे तुमचा. हे बघा सावळीराव, शंका असेल तर राहू द्या. गिऱ्हाईकं पुष्कळ आहेत. मी म्हटलं, आपल्या माणसाच्या घरात जाईल."

"चंदर," नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "गप बस. मोठ्या माणसाच्या घरात बसून असं बोलत्यात का?"

"नाना, तुम्ही एकदा खाली वाकून बघा तरी."

"बस म्हणलं ना!"

मी बसलो. पोहे चांगले होते. नानांनी कागदांवर सह्या केल्या, प्रत्येक अक्षर वेगळं काढून. त्याला दहा मिनिटं लागली. साहेबांनी स्वतः फाटकापर्यंत येऊन निरोप दिला.

कॉलनीत लोक जमले. गाडीपुढं बुद्धवंदना झाली, पेढे वाटले. शेजारच्या धोंडाबाई म्हणाल्या, "सावळीराम, आता आमाला वळखशील का रं?"

"भाडं दिलं तर वळखीन, वहिनी."

नाना इतके हसलेले मी त्याआधी पाहिले नव्हते, नंतरही नाही.

पहिलं भाडं कळवणचं निघालं. लग्नाला जाणारे पाच जण, त्यांत नवरदेवाचा मामा पुढं. मी त्याच्या आणि दाराच्या मध्ये. दिंडोरीच्या पुढं चढ लागला आणि मागून पांढरा धूर यायला लागला. मग पुढूनही यायला लागला.

"ढगात आलो का काय?" मामानं विचारलं.

"नाय, गाडी गरम झालीये जरा," नाना म्हणाले, आणि गाडी थांबली. पुन्हा कधी चालू न होण्यासाठी थांबली, हे तेव्हा फक्त तिलाच माहीत होतं. वऱ्हाड एसटीनं गेलं. मामा जाताना अर्धं भाडं द्यायला लागला, नानांनी घेतलं नाही. आम्ही एका ट्रॅक्टरला दोर बांधून सातपूरला परत आलो.

वाल्मीकनं इंजिन उघडलं आणि माझं बोट धरून एका जागेवरून फिरवलं. "नख आत जातंय का? ब्लॉकला भेग पडलीये. जुनीच हाय, कुणीतरी वरून मसाला भरलेला."

"आता?"

"बंपर चांगला हाय," वाल्मीक म्हणाला. मग नानांचा चेहरा बघून त्यानं हातातला पाना खाली ठेवला आणि चहा सांगायला गेला.

घरी जाताना मी भांडलो. मी सांगत होतो, तुम्ही ऐकलं नाही, त्या माणसानं फसवलं, चला आत्ता त्याच्याकडे. नाना रस्त्याच्या कडेला थांबले.

"त्यानं काय फसवलं? बॉनेट तापलेलं हाय हे मला जातानाच कळलं होतं."

"मग?"

"बावीस वर्षांत त्या माणसानं पयल्यांदा बसा म्हणलं. बसल्यावर उठून गाडीखाली कसा घुसू? तो म्हणला असता, बघा, याला बसवलं तरी हा खालीच जातो."



गाडी भंगारात गेली. आई अंबडला एका शेडवर पॅकिंगला जाऊ लागली. नाना दोन महिने काम शोधत होते. डावा हात दाखवला की माणसं नको म्हणत, खिशात घातला की उर्मट समजत. आणि एक दिवस धारणकर साहेबांचा निरोप आला. नवी गाडी घेतलीये, ड्रायव्हर हवाय, भरवशाचा.

"जाऊ नका," मी म्हणालो.

"बघून तरी येतो. पटलं नाय तर नाय म्हणीन," नाना म्हणाले. आईनं कोळसे पेटवले. तिनं शर्ट इस्त्रीला घेतला. मीही नानांबरोबर निघालो.

साहेब पोर्चमध्येच उभे होते. "ये सावळीराम. ती चालली ना बरी?"

"चालली साहेब. दिंडोरीच्या पुढपर्यंत गेली."

"छान. ही बघ. सोमवारपासून येशील?"

"गाडी बघतो आधी," नाना म्हणाले.

साहेबांना वाटलं, कौतुकानं बघणार. नानांनी बॉनेटवर पंजा ठेवला आणि मनात मोजत राहावं तसा बराच वेळ ठेवला. गार होतं. मग पांढऱ्या शर्टासकट ते फरशीवर उताणे झाले आणि गाडीखाली गेले. नुसते पाय बाहेर राहिले. साहेब माझ्याकडे बघून हसले, घड्याळाकडे बघितलं, परत हसले. बाई दारात येऊन गेल्या. मग त्यांनी नोकराला पाठवलं, मग पुन्हा स्वतः आल्या. नाना बाहेर आले ते दुसऱ्या बाजूनं. ऑइलची पट्टी ओढून बघितली, बोटांत घासली, हुंगली. चारही दारं उघडून लावली. मागच्या बंपरवर उभं राहून गाडी दाबली. इंजिन चालू करून मागं जाऊन धुराजवळ तोंड नेलं. अर्धा तास झाला. साहेब उन्हात उभे होते, कारण पोर्चमधली सावली गाडीनं आणि नानांनी मिळून व्यापली होती.

शर्टाची पाठ काळी करून नाना उभे राहिले. इतका निराश झालेला माणूस मी पाहिला नव्हता.

"काय, सावळीराम? आहे काही दोष?"

नानांनी गाडीकडे एकदा शेवटचं बघितलं. नवी गाडी होती ती. नाय म्हणायला त्यांना एखादा ढिला नटसुद्धा पुरला असता.

"नाय साहेब," ते म्हणाले. "काहीच नाय."

आणि किल्लीसाठी हात पुढं केला.